फटफटीला तेल कुठलं घालू?

...आणि मी काय मोठं इचारलं हुतं, तुम्हीच सांगा. कुणाची जमीन मागितली न्हाय, कुणाचा बैल मागितला न्हाय, कुणाच्या पोरीचा हात सुदीक मागितला न्हाय... म्हंजे त्यो नंतर मागितला, त्येची गोष्ट पुढं येतीच... मी निस्तं एवढंच इचारलं हुतं, की फटफटीला तेल कुठलं घालू? एका ओळीचा सवाल. त्येला उत्तर किती असावं? एक शब्द, लई झालं तर दोन. आणि मला निपाणीपासनं बेळगावपतोर समद्या रस्त्यानं उत्तरं मिळाली, अजून मिळत्यात, आणि फटफटी... थांबा, पहिल्यापासनं सांगतो, न्हायतर तुम्हीबी मधीच म्हणशीला, "जोतिबा, तू शेंगतेल घालायचं हुतंस." म्हणू नका. हात जोडतो, म्हणू नका.

तर मी जोतिबा. निपाणीत तंबाखूच्या वखारीत पारखी हाय. पान चुरगळायचं, हुंगायचं, वाईच जिभेवर ठेवायचं आणि सांगायचं, ह्ये बोरगावचं, ह्ये नदीकाठचं, ह्येला वाळवताना पाऊस लागलाय. वखारीत माझा शब्द म्हंजे शब्द. त्यात लढाई संपली, बेळगावच्या कॅम्पात पलटणीनं जुन्या फटफट्या लिलावात काढल्या आणि त्यातली एक मी घेतली. हिरवी, जड, म्हशीएवढी. कशापायी घेतली म्हणशीला तर मला काय सांगता यायचं न्हाय. बघितली आणि पायजे वाटली. चालू केली की तीन गल्ल्यांतली कुत्री घरात शिरायची आणि माणसं भाईर यायची. लई बरं वाटायचं.

आणि त्याच येळंला मावशीनं टिळकवाडीतलं स्थळ काढलं. गोपाळराव मास्तर म्हणून हायेत, त्येंची थोरली मुलगी, कल्याणी. मुलगी मी बघितलेली हुती, मावशीच्या पुतणीच्या लग्नात. पंगतीत भात वाढत हुती. माझ्या पानापाशी थांबली आणि म्हणाली, "पुरे का?" पुरे झालतं. पार गळ्याशी आलतं. तरी मी म्हटलं, न्हाय. तीन येळा ती आली, तीन येळा मी न्हाय म्हटलं. त्या रात्री मला झोप न्हाय, निम्मी भातानं आणि निम्मी तिच्यापायी. खरं सांगतो, हसू नका, मला ती मनापासनं आवडली हुती.

पण गोपाळरावांच्या म्होरं दुसरंबी स्थळ हुतं. खानापूरचा, जंगलखात्यातला कारकून. सरकारी नोकरी, पुढं पेन्शन. माझ्यापाशी काय? तंबाखूचा वास. मंग मावशीनं हुकमाचं पान टाकलं, म्हणाली, "आमच्या पोराची सवताची फटफटी हाय." झालं. मास्तरांचा निरोप आला, "शनिवारी बारा वाजायच्या आत मुलानं गाडी घेऊन यावं. दारात उभी राहिलेली गाडी आळीतल्या चार लोकांनी बघितली, म्हणजे बोलायला बरं. पसंत पडलं तर तिथल्या तिथं सुपारी फोडू. चार वाजता खानापूरची मंडळी येणार आहेत." कळलं का तुमास्नी? बाराच्या आत फटफटी दारात गेली तर कल्याणी माझी, न्हाय गेली तर चार वाजता जंगलखात्याची.

पेट्रोलची कुपनं मिळाली. टायरात हवा भरली. आणि बघतो तर तेलाच्या टाकीत काळा चिखल. बेळगाव सत्तेचाळीस मैल, मधी तवंदीचा घाट. तेल बदलल्याबिगार गाडी पोचत न्हाय, एवढं मलाबी कळत हुतं. पण घालायचं कुठलं? म्हणून इचारलं. निस्तं एवढंच इचारलं, तेल कुठलं घालू?

पहिलं उत्तर घरातनंच आलं. आमची आई, राजाबाई, चुलीपासनं म्हणती, "खोबरेल घाल. उनाचं दिस हायेत, डोस्कं थंड राहील."

म्हटलं, "आई, कुणाचं डोस्कं?"

"तिचं रं. केवढी तापती ती."

मी भाईर पडलो आणि आण्णाप्पाकडं गेलो. आण्णाप्पा घाणेवाला, आमच्या शेजारचाच, तेलातच जन्म गेला त्येचा. त्यो बैल थांबवून, कमरंवर हात ठिऊन म्हणतोय, "जोती, लोखंड असू दे, न्हायतर माणूस असू दे, दोघास्नीबी पोट हाय. पोटाला ताजं लागतं. डब्यातलं आणशील, त्यो डबा कवा भरला, कुणी भरला, तुला ठावं हाय का? ह्ये बघ, शेंगतेल, आत्ता निघालंय, हात लाव, कोमट हाय." मी बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं, सवयीनं जिभेवरबी ठेवलं. तेल एक नंबर हुतं. भाकरीसंगट खावं असं. म्हटलं, "आण्णाप्पा, तेल झ्याक हाय, पण फटफटीला चालंल का?" तर त्येला राग आला. म्हणाला, "तुज्या आज्याला चाललं, तुज्या बापाला चाललं, आणि फटफटीला चालणार न्हाय? कुणाची कोण लागून गेली ती?"

तितनं निघालो तर वैद्यबुवांनी हाक मारली. मी त्येंना काय इचारलं न्हवतं, शपथ घिऊन सांगतो. पण निपाणीत एकाला इचारलं की सगळ्यास्नी इचारल्यागत हाय. म्हणाले, "एरंडेल. चिखल झालाय ना आत? एरंडेलाशिवाय कोठा साफ व्हायचा नाही. रिकाम्या पोटी दे." रिकाम्या पोटी! फटफटीला! आणि वर म्हणतात, "दोन दिवस जड काही नको."

मंग म्हटलं, आता जाणत्या माणसाकडंच जायचं, बाजारपेठेत मोठं दुकान हाय, मोटारीचं सामान ठेवतात. आत पाऊल टाकलं न टाकलं तंवर गल्ल्यावरचा म्हणतोय, "याव एण्णी बेक्री?" म्हंजे, कुठलं तेल पायजे? अरं बाबा, मी तुला त्येच तर इचारायला आलोय! त्यो माझ्याकडं बघतोय, मी त्येच्याकडं बघतोय. मी म्हणतोय कुठलं देता, त्यो म्हणतोय कुठलं पायजे. अर्धा तास आम्ही दोघं एकमेकांस्नी एकच सवाल इचारत हुतो, त्यो कानडीत आणि मी मराठीत.

शेवटी भावकू हवालदार भेटला. ह्यो भावकू लढाईत इटलीपतोर जाऊन आलाय, पलटणीचं टपाल फटफटीवरनं पोचवायचा. त्येनं गाडीभोवती एक फेरी मारली, मला सावधान हुबं केलं आणि म्हणाला, "चाळीस नंबर."

म्हटलं, "म्हंजे?"

"तेल नंबरावर असतंय. थंडीत तीस, उन्हाळ्यात चाळीस. आणि ध्यानात ठेव, डब्यातलं तेल आणि घाण्याचं तेल एका टाकीत घालायचं न्हाय. घातलंस तर आत डिंक हुतोय. समजलं?"

समजलं! अहो, काळीज थंड झालं माझं. चार दिसांत पहिला माणूस, की ज्येनं दोन शब्दांत उत्तर दिलं. आणि निस्तं सांगून थांबला न्हाय, घरातनं चाळीस नंबरचं दोन डबं काढून दिलं. मी बोटावर घेतलं, हुंगलं, जिभेवर ठेवलं... तीन दिस मला तंबाखूची चव कळली न्हाय, पण असू दे. जुना चिखल काढला, टाकी पुसली, एक डबा आत वतला, दुसरा राखून ठेवला. झालं काम. गोष्ट हितंच संपायला पायजे हुती. समद्या चांगल्या गोष्टी हितंच संपत्यात.

पण उजाडला शनिवार. पहाटे मी दाढी करून, धोतर-कोट घालून भाईर येतोय तर आई फटफटीम्होरं बसलेली. म्हणाली, "शनिवार हाय. आजच्या दिशी लोखंड घिऊन कुणी निघत न्हाय. निघायचंच असलं तर शांत करून निघावं." आणि तिनं काय केलं? दिव्याच्या काचंला शेंदूर फासला. हांडलावर रुईच्या पानांची माळ घातली. खाली लिंबू-मिरची. म्हटलं, "आई, टिळकवाडीतली मास्तर मंडळी हसतील गं." म्हणाली, "हसू देत, पोचशील तरी." मला घाई. म्हटलं, घाट वलांडला की काढून टाकू. न्हाय काढली. त्येच चुकलं.

घाट चढली बघा गाडी! काय सांगू तुमास्नी, चाळीस नंबर म्हंजे चाळीस नंबर. संकेश्वर मागं टाकलं, नऊसुदीक वाजलं न्हवतं. तितनं पुढं रस्त्याला लागून एक गाव हाय. गावाचं नाव सांगत न्हाय, कारण मला अजून तितं दर शनिवारी जावं लागतं. तितं पिंपळ हाय, पिंपळाला कट्टा, कट्ट्याला लागून मारुतीचं देऊळ. गाडी तापलेली. भावकूनं बजावलं हुतं, "तापली की सावलीत लाव, तेलाचं टोपण काढ, वाफ जाऊ दे, मंग तेल बघ." शिस्तीनं केलं. पिंपळाच्या सावलीत लावली, टोपण काढलं आणि वाफ जाईपतोर रस्त्यापलीकडं हाटेलात चा प्यायला गेलो.

चा पितापिता बघतोय तर पिंपळाखाली गर्दी. बाया, बाप्ये, म्हाताऱ्या, हातात वाट्या. हाटेलवाल्याला म्हटलं, "काय हो, आज काय जत्रा हाय का?"

"शनिवार न्हवं का. मारुतीला तेल घालाय आल्यात."

मला लई बरं वाटलं. चांगल्या कामाला निघालोय आणि वाटंत देवाची गर्दी. मी बाकड्यावरनं उठलो, डोळं मिटलं आणि हितनंच हात जोडलं. म्हटलं, देवा मारुतराया, कल्याणी मिळू दे. नीट ऐका, मी कुणाला हात जोडत हुतो? माझ्या फटफटीला! गर्दी तिच्याभोवती हुती! तोंडाला शेंदूर, गळ्यात रुईची माळ, आंग कढत, आतनं वाफ, आणि हुबी कुठं, तर पिंपळाखाली कट्ट्याला टेकून. एका म्हातारीला वाटलं, ह्योबी देव हाय. तिनं तेल घातलं. तिनं घातलं म्हणून मागचीनं घातलं. आणि मागचीच्या मागं समदा गाव हुता.

मी पळत आलो. एक आजीबाई, अक्काताई म्हणत्यात तिला, वाटी उपडी करत हुती, आणि कुठं, तर बरूबर टाकीच्या तोंडात. म्हटलं, "आज्जी, काय करतीस?"

"तेल घालतोय रं बाबा. ह्येचं तोंड उघडंच हाय बघ. सारखं पितंय."

"आज्जी, ही माझी फटफटी हाय!"

"व्हय बाबा," म्हणाली, "तुझी, माझी, समद्यांचीच हाय," आणि वाटीला लागलेलं तेल माझ्या डोस्क्याला पुसलं.

मी टाकीत बघितलं. काठोकाठ भरलेली. आणि वर काय तरंगतंय? काळं उडीद. शनिवारच्या तेलात उडीद आणि मीठ घालायची चाल हाय, ह्ये तुमास्नी ठावं असंल, मलाबी ठावं हुतं, पण इंजनाला ठावं न्हवतं. तोंडातनं एवढंच आलं, "तेल कुठलं घातलंसा?"

आणि समद्या गावानं एका दमात सांगितलं. शेंगतेल. करडई. तीळतेल. एक म्हणाला, एरंडेल, घरात तेवढंच हुतं. एका बाईनं तर खोबरेल घातलतं. चार दिस मी ज्या ज्या तेलाला नको म्हटलं, ती समदी तेलं भावकूच्या चाळीस नंबरसंगट त्या टाकीत एकोप्यानं नांदत हुती.

आता टाकी रिकामी करावी, इंजन खोलावं, पुसावं, एवढा येळ हुता का? डोळ्याम्होरं खानापूरचा कारकून दिसाया लागला. म्हटलं, हुईल ते हुईल, आणि मारली किक. धा किका मारल्या. अकराव्या किकंला सुरू झाली आणि आतनं उडीद तडतडायला लागलं. वास कसला सुटलाय म्हणता? वडं. सणाचं वडं तळल्यागत. गर्दीतला एकजण म्हणतोय, "परसाद आतच हुतोय वाटतं." गाडी रस्त्यावर घ्यावी म्हणून मी वळवली, कट्टा आणि देऊळ दोन्हीभोवती एक फेरी झाली, आणि देवळाच्या दाराम्होरं येऊन खाड्कन आवाज झाला आणि गाडी हुबी. मारुतीकडं तोंड करून. इंजन गच्च, गिअर गच्च, चाक गच्च. आठ माणसांनी ढकलली, इंचभर हलली न्हाय.

देवळातनं गुरव आला, भरमू. त्येनं गाडी बघितली, देव बघितला, परत गाडी बघितली आणि गंभीरपणी म्हणाला, "परदक्षिणा घातली आणि देवाम्होरं बसली." आणि नारळ फोडला. तिच्या पुढच्या चाकावर. माझ्या गळ्यात तिचीच रुईची माळ काढून घातली आणि कपाळाला शेंदूर लावला. तेवढ्यात बेळगावची सर्व्हिस मोटर आली. आत जागा न्हाय, टपावर बसलो, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी.

टिळकवाडीत पोचलो तर बाराला पाच कमी. आणि बघतोय काय, मास्तरांच्या दारात निम्मी आळी हुबी. फटफटी बघायला! लांबनं आवाज येतोय का म्हणून कान लावून बसल्यात, आणि मी चालत येतोय. कोट तेलानं चिकटलेला, कपाळाला शेंदूर, गळ्यात रुई, अंगाला वड्याचा वास. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. गोपाळरावांनी चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाले, "गाडी कुठं आहे?"

म्हटलं, "देवळात हाय."

"देवळात?"

मंग सांगितलं. समदं सांगितलं, आता तुमास्नी सांगितलं तसंच, काय बी लपवलं न्हाय, कारण लपवायला अंगावर जागाच न्हवती. मास्तर ऐकून घेत हुते पण त्येंच्या तोंडावर साफ दिसत हुतं, ह्या माणसाकडं गाडीच न्हाय. म्हटलं, संपलं. तवर आतनं त्येंच्या मंडळी, जयाबाई, पदर सावरत भाईर आल्या आणि म्हणाल्या, "कुठल्या गावचा मारुती?"

नाव सांगितलं.

"अगंबाई, माझ्या माहेरचा!" आणि मास्तरांकडं वळून म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या देवानं त्यांची गाडी ठेवून घेतली आणि त्यांना तेवढं वेळेत पाठवलं. आता आणखी काय बघायचं राहिलंय?" मास्तर शाळंत बोलत्यात, घरात न्हाय. बाकीचं तुमास्नी कळलं असंल.

पण आळी गप बसंल का? पोह्यांच्या बशा फिरायला लागल्या आणि सुरू झालं. एक वकील म्हणाले, तीळतेल सर्वोत्तम. पोस्टातले एकजण म्हणाले, करडईत काय वाईट आहे? मास्तर सुदीक म्हणाले, "शास्त्रीय दृष्ट्या बघायला गेलं तर एरंडेल..." अहो, शास्त्रीय दृष्ट्या! मी मान खाली घालून बसलतो. बशी घिऊन कल्याणी आली. माझ्यापाशी थांबली, हळूच म्हणाली, "पुरे का?" तिला आठवत हुतं! मी धीर केला आणि म्हटलं, "तुमास्नी काय वाटतंय? तेल कुठलं घालायला पायजे हुतं?"

तिनं जरा इचार केला, पदरात हसली आणि म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?"

अहो, निपाणीपासनं टिळकवाडीपतोर, सत्तेचाळीस मैलांत, एक माणूस भेटलं असं म्हणणारं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना वाटलं, पोह्यात मिरची जास्ती झाली. तितंच सुपारी फुटली. चार वाजता खानापूरची मंडळी आली, त्येंनीबी पोहं खाल्लं आणि कारकुनानं जाताना मला बाजूला घिऊन सांगितलं, फटफटीला ग्रीस घालायचं असतं.

आता फटफटीचं काय, म्हणशीला. पुढच्या म्हैन्यात मी भावकू हवालदाराला हत्यारं घिऊन तितं नेलं, राखलेला चाळीस नंबरचा डबाबी नेला. बघतोय तर गाडीवर चार खांब आणि पत्रा. भरमू गुरव म्हणतोय, "हात लावायचा न्हाय. दर शनिवारी पन्नास वाट्या पडत्यात हिच्यावर. एका म्हातारीचं गुडघं बरं झालं." म्हटलं, बरं बाबा, राहू दे, निदान ह्ये तेल तरी घाल, गंजणार न्हाय. त्येनं डबा हातात घेतला, हुंगला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "ह्ये कसलं? ह्ये हितं चालत न्हाय." भावकू, इटलीत गोळ्यांतनं फटफटी काढलेला माणूस, पिंपळाखाली डोस्कं धरून बसला.

लगीन झालं. सासूबाईंनी एकच अट घातली हुती, दर शनिवारी जोडीनं त्या देवळात जायचं आणि तेल घालायचं. आधी मारुतीला, मंग फटफटीला. म्हंजे बघा, सवताच्या गाडीला तेल घालायला मी सर्व्हिस मोटरीनं जातोय. तक्रार न्हाय माझी. कल्याणी संगट असती, रस्त्यानं गप्पा हुत्यात, बरं चाललंय.

तर परवाच्या शनिवारची गोष्ट. पहाटं निघायची तयारी. फळीवर तीन बरण्या, शेंगतेल, करडई, तीळतेल. मी वाटी घिऊन हुबा. लगनाला वरीस झालंय, माणूस आपलं हाय, म्हणून मनात काय बी न ठेवता, निस्तं एवढंच इचारलं, "कल्याणी, आज तेल कुठलं घालू?"

तिनं माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाय. म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं? द्या इकडं वाटी."

दिली.